घरून काम आणि परत कचेरी: नस्ती मध्येच अडकू नये म्हणून

टेबलावर नस्ती, म्हणजे कार्यालयीन फाइल, उघडी होती. टिपणीचं, म्हणजे प्रकरणावरच्या शेऱ्यांचं, शेवटचं पान माझ्या सहायकाच्या अक्षरात, खाली माझ्या सहीची जागा कोरी. समोर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिसऱ्यांदा आलेल्या बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मागे फोन केला तेव्हा मंजूर झालंय म्हणून सांगितलं होतं." आणि ते खरं होतं. मंजुरी मीच दिली होती, घरून, फोनवर. सहायकानं ती ऐकली, बाईंना कळवली, आणि टिपणीवर चढवायची राहिली. मग त्याची बदली झाली. नव्या सहायकानं नस्ती उघडली, सही दिसली नाही, म्हणून ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात, म्हणजे कशाची तरी वाट पाहणाऱ्या प्रकरणांत, लावली. तिथं ती अडीच महिने पडून राहिली. नवरा गेलेल्या बाईचे अडीच महिने.

मी आस्थापना शाखेत कक्ष अधिकारी आहे. सेवापुस्तकं, रजा, वेतननिश्चिती, निवृत्तिवेतन हे माझं रोजचं काम. २०२० पासून आमच्याकडे घरून काम सुरू झालं, थांबलं, अर्ध्या उपस्थितीवर आलं, पुन्हा पूर्ण झालं. या सगळ्या फेऱ्यांत जे शिकले ते इथं लिहिते आहे. कुणाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळालं असेल, कुणाला पूर्ण वेळ परत या असा आदेश आला असेल. दोघांनाही उपयोग होईल. सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: घरून घेतलेला निर्णय त्याच दिवशी नस्तीत उतरला पाहिजे.

आधी आदेश स्वतः वाचा

ऐकीव गोष्टींवर चालू नका. ग्रुपवर फिरणारा अर्धवट फोटो म्हणजे आदेश नव्हे. मूळ परिपत्रक मिळवा, जावक क्रमांक आणि दिनांक पाहा, आणि चार गोष्टी पेन्सिलनं अधोरेखित करा. कोणत्या तारखेपासून लागू आहे? कोणत्या संवर्गाला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कोणत्या गटाला? सूट देण्याचा अधिकार कुणाला? आणि घरून काम ही सोय म्हणून दिली आहे की सेवाशर्तीत धरली आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण सोय एका ओळीच्या आदेशानं काढून घेता येते.

किती झपाट्यानं काढता येते हे जगभर दिसलं. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी दूरस्थ कामाचा स्वतंत्र कायदा २०१० मध्ये झाला. कर्मचारी आणि कार्यालय यांच्यात लेखी करार हवा, आधी प्रशिक्षण हवं, असं त्यात नमूद आहे. तोच कायदा असताना २० जानेवारी २०२५ रोजी सर्वांना पूर्ण वेळ कार्यालयात बोलावण्याचा आदेश निघाला. ब्रिटनमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात नागरी सेवेसाठी ६० टक्के उपस्थितीची अपेक्षा ठरली. कॅनडात ९ सप्टेंबर २०२४ पासून आठवड्याला किमान तीन दिवस आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना चार दिवस असा नियम आला. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं खालच्या संवर्गांची निम्मी उपस्थिती ठरवली आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण उपस्थिती पुन्हा सुरू केली.

कॅनडाचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथले दीड लाखाहून जास्त सरकारी कर्मचारी संपावर गेले, आणि मागण्यांत घरून कामाचा मुद्दा होता. तडजोडीत ठरलं की अशा प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार व्हावा आणि उत्तर लेखी मिळावं. लेखी उत्तर हा शब्द धरून ठेवा. तुमच्या कार्यालयात असा करार नसला तरी लेखी अर्ज करायला आणि त्याची पोच मागायला कुणी अडवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी नवीन मंडळी हमखास विसरतात. घरून काम म्हणजे कर्तव्यावर असणं. ती रजा नव्हे. त्या दिवशी मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं गाव, सोडायचं असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे बसून लॅपटॉप उघडला आणि दुपारी साहेबांनी तातडीनं बोलावलं, तर कामाचं कारण पुढे करून सुटका होत नाही.

घरून कामाचे दिवस कसे मागावेत

सोमवार आणि शुक्रवार घरून मिळाले की विश्रांतीचे दिवस जोडून येतात, म्हणून बहुतेक जण तेच मागतात. साहेबांनाही ते लगेच दिसतं. त्यापेक्षा आपलं टेबल आठ दिवस नीट पाहा. टपाल कोणत्या दिवशी जास्त येतं? अभ्यागतांची वेळ कोणत्या दिवशी? मासिक विवरणपत्रं कोणत्या तारखेला जातात? मग कामाची वाटणी करा.

काही कामं कागदाशी बांधलेली असतात: मूळ सेवापुस्तकातली नोंद, शिक्का, मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी, रोखीचं काम. ती कार्यालयातच. काही कामं माणसांशी बांधलेली असतात: तक्रार ऐकणं, नव्या लिपिकाला शिकवणं, दोन शाखांमधला वाद मिटवणं. ही फोनवर होतात खरी, पण समोरासमोर दहा मिनिटांत सुटणारं फोनवर तीन दिवस चालतं. आणि काही कामांना फक्त शांतता लागते: न्यायालयीन प्रकरणाचं परिच्छेदनिहाय उत्तर, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांचं अनुपालन, ज्येष्ठता यादी तपासणं, लांबलचक मसुदा. घरून काम मागायचं ते या तिसऱ्या ढिगासाठी.

अर्जात "सोयीच्या दृष्टीने" असं लिहू नका. माझ्याकडे आलेला आणि मी लगेच शिफारस केलेला अर्ज साधारण असा होता:

"दर बुधवारी घरून काम करण्यास परवानगी मिळावी. त्या दिवशी लेखापरीक्षण अनुपालनाचे मसुदे पूर्ण करून सायंकाळी ५ पर्यंत सादर करीन. अभ्यागतांचे काम शेजारच्या टेबलवरील सहायक पाहतील. त्यांची संमती सोबत जोडली आहे. शुक्रवारी दुपारी त्यांचे टेबल मी सांभाळीन. कार्यालयीन वेळेत दूरध्वनीवर उपलब्ध राहीन व बोलावल्यास दीड तासात हजर होईन."

या सहा वाक्यांत साहेबांच्या मनातल्या सगळ्या शंका मिटतात. शेजारच्याची संमती जोडली आहे, हे मला सर्वांत आवडलं. आपण घरी असताना आपल्या टेबलासमोर उभा राहणारा माणूस कुणाच्या तरी वाट्याला जातोच. त्या कुणाला आधी विचारलेलं बरं.

घरी काय न्यायचं नाही

मूळ सेवापुस्तक, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींची वही, घरी नेऊ नका. कुणी तोंडी सांगितलं तरी नेऊ नका. एका सहकाऱ्यानं, चांगल्या हेतूनं, सात सेवापुस्तकं घरी नेली होती. त्यांतल्या एकावर पाणी सांडलं आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या रजेच्या नोंदींची शाई पसरली. ती नोंद पुन्हा उभी करायला जुने हजेरीपट अभिलेख कक्षातून काढावे लागले, आणि त्या कर्मचाऱ्याची निवृत्ती चार महिन्यांवर होती.

नस्ती नेण्याची लेखी परवानगी असेल तर नस्ती हालचाल नोंदवहीत नोंद करा: नस्ती क्रमांक, टिपणीची पानं किती, पत्रव्यवहाराची पानं किती, नेल्याची तारीख, सही. पानं मोजूनच. परत आणल्यावर पुन्हा मोजून दुसऱ्याची सही घ्या. पाच मिनिटं लागतात, पण उद्या एखादं पान गहाळ झाल्याचा ठपका तुमच्यावर येत नाही.

संगणकावरच्या नस्तीला हा धोका नाही, दुसरा आहे. कार्यालयीन कागद स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका, चॅटवर फोटो टाकू नका. तो कागद सरकारी अभिलेख आहे आणि माहिती अधिकारात कुणी मागितला तर तो कार्यालयाच्या ताब्यात सापडला पाहिजे. आपल्या २००५ च्या कायद्यात माहितीच्या व्याख्येत ई-मेलही येतात. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे सहीसाठीचं पेनड्राइव्हसारखं उपकरण, ड्रॉवरमध्ये ठेवून सहायकाला फोनवर पिन सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं. घरातला संगणक मुलं वापरत असतील तर तुमच्यासाठी वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड ठेवा. वेतनाच्या किंवा आजारपणाच्या प्रकरणावर बोलताना दार लावून घ्या. त्या माणसाची माहिती तुमच्या घरच्यांना कळायचं कारण नाही.

फोनवरचा निर्णय नस्तीत कसा उतरवायचा

माझ्या शाखेत आता ही रीत पक्की आहे. फोनवर किंवा व्हिडिओ बैठकीत काही ठरलं की ज्यानं सूचना घेतली त्यानं त्याच दिवशी टिपणी लिहायची. शब्दही ठरलेले आहेत:

"आज दि. … रोजी दुपारी ३.१० वाजता कक्ष अधिकारी यांच्याशी दूरध्वनीवर चर्चा झाली. पृष्ठ ४७ वरील वारस प्रमाणपत्राच्या आधारे प्रस्तावास मान्यता दिली. त्यानुसार मसुदा तयार केला आहे. पुष्टीसाठी सादर."

वेळ लिहायची, पान लिहायचं, "पुष्टीसाठी सादर" लिहायचं. मग अधिकाऱ्यानं संगणकावर लगेच किंवा कार्यालयात आल्या दिवशी पुष्टी करायची. "चर्चेनुसार" एवढाच शेरा मी स्वीकारत नाही. कोणती चर्चा, कुणाशी, कशावर? चार वर्षांनी ही नस्ती उघडणाऱ्याला त्या शब्दातून काहीही कळणार नाही.

ही सवय लावायला मला सहा महिने लागले. पहिल्यांदा लोक म्हणाले, मॅडम, हे दुप्पट काम आहे. दुप्पट काम खरंच आहे. पण त्या बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या.

शाखाप्रमुखांसाठी एक शब्द. माणूस ऑनलाइन दिसतो का, हे दर तासाला पाहू नका. आपल्याकडे कार्यविवरण नोंदवही (आलेल्या आणि निकाली काढलेल्या प्रकरणांची वही) आणि तिचा गोषवारा आहे, तो वापरा: आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, नव्यानं आलेली प्रकरणं, निकाली काढलेली, अखेरची शिल्लक. घरून काम करणारा आणि कार्यालयात बसणारा, दोघांचा गोषवारा एकाच नमुन्यात घ्या. शिल्लक वाढत असेल तर विचारा. कमी होत असेल तर दुपारी दोन वाजता फोन एका वाजणीत उचलला नाही म्हणून कुणाला छेडू नका.

परत येण्याचा आदेश आला की

तारखेच्या आधीचा आठवडा हातात असतो. तो तक्रारीत घालवू नका. वाईट वाटणं साहजिक आहे. ज्यांनी मुलांच्या, आईवडिलांच्या वेळा त्या दोन दिवसांभोवती बसवल्या होत्या त्यांच्यासाठी हा मोठा बदल असतो, आणि साहेबांनी तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पण कागद आधी.

घरी असलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी करा: लॅपटॉप, चार्जर, टोकन, किल्ल्या, नस्त्या, संदर्भासाठी घेतलेल्या छायाप्रती. घरच्या संगणकावर साठवलेले मसुदे कार्यालयीन प्रणालीत चढवा, चढलेत ना ते उघडून पाहा, आणि मगच घरची प्रत काढून टाका. छायाप्रती रद्दीत देऊ नका, कार्यालयात आणून फाडा. साहित्य जमा केल्याची पोच घ्या, त्यावर उपकरणाचा क्रमांक लिहिलेला असावा.

तारखेच्या दोन दिवस आधी लॉगिन, पासवर्ड, टोकनची मुदत आणि हजेरी यंत्रावरची नोंद तपासा. बरेच दिवस न वापरलेलं खातं बंद झालेलं असतं, आणि पहिल्या सकाळी संगणक कक्षासमोर रांग लागते. शक्य असेल तर एकदा मध्येच जाऊन आपलं टेबल पाहून या. माझ्या टेबलावर मला दुसऱ्याच शाखेचे अकरा गठ्ठे सापडले होते.

ज्यांना खरोखर परत येता येत नाही, त्यांच्यासाठी. आजारपण, गरोदरपण, अपंगत्व, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, कारण काहीही असो. अर्ज तारखेच्या आधी द्या. वैद्यकीय कागद जोडा, किती मुदत हवी ते लिहा, त्या मुदतीत कोणतं काम कराल ते लिहा. अपंग कर्मचाऱ्यांना वाजवी सोय करून देण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातही आहे; अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करा. उत्तर येईपर्यंत आपोआप परवानगी मिळाली असं समजू नका. एक तर हजर व्हा, नाही तर देय रजेचा अर्ज द्या. अर्ज न देता घरी बसून काम केलं तरी नोंदीत ती अनधिकृत गैरहजेरी ठरते, आणि ती पुढे वेतनवाढीपासून निवृत्तिवेतनापर्यंत मागे लागते. अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. काम केलेलं होतं, पुरावाही होता, पण अर्ज नव्हता.

पहिला दिवस, पहिला आठवडा

पहिल्या दिवशी मेल उघडू नका. कपाट उघडा. कार्यविवरण नोंदवही समोर ठेवा आणि शिल्लक दाखवलेल्या प्रत्येक प्रकरणाची नस्ती हातात घ्या. जी सापडत नाही तिचा क्रमांक वेगळ्या कागदावर लिहा. मग गठ्ठे लावा. सहा गठ्ठे पद्धत ज्यांना शिकवली गेली त्यांना हे सांगायला नको: चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (ठरावीक मुदतीनं जाणारी विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायचं ते, नष्ट करायचं ते. माझा आग्रह आहे की प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातली प्रत्येक नस्ती उघडावी आणि आपण नेमकी कशाची वाट पाहतो आहोत ते सांगता येतं का पाहावं. सांगता आलं नाही तर ती चालू प्रकरणांत टाका. त्या बाईंची नस्ती याच गठ्ठ्यात होती.

दुपारनंतर टपाल शाखेत जा. घरून काम करत असताना हाताने आलेलं टपाल कुठं साठलं ते तिथंच कळतं.

तिथंच आणखी एक काम आहे, आणि ते मला या सगळ्या लेखातलं मोठं वाटतं. शिपाई, टपाल लिपिक, सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक, वाहनचालक यांना घरून काम कधीच मिळालं नाही. आपण घरी असताना अभ्यागतांना उत्तरं त्यांनी दिली, आपले गठ्ठे त्यांनी हलवले, आपला फोन लागत नाही म्हणून बोलणीही त्यांनीच खाल्ली. त्यांच्यासमोर घरच्या दिवसांची हळहळ करू नका. शेजारी बसा आणि विचारा, आमच्या टेबलाचं कोण कोण येऊन गेलं? आमच्या शाखेच्या शिपाईमामांनी मला खिशातली वही काढून दाखवली. त्यात तारीखवार नावं होती, कुणाचं काय काम ते होतं, फोन नंबर होते. कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. ती नावं मी त्याच दिवशी नोंदवहीशी ताडली आणि अशी नऊ प्रकरणं सापडली, ज्यांचा अर्ज आवक होऊन शाखेपर्यंत पोहोचलाच नव्हता.

जी मुलं-मुली घरून कामाच्या काळात रुजू झाली, त्यांना शेजारी बसवा. त्यांना प्रणाली येते, कधी आपल्यापेक्षा बरी येते. पण वित्त शाखेत आक्षेप आला तर कुणाकडे जाऊन बोलायचं, मसुद्यावर लाल शाईनं दुरुस्ती झाली म्हणजे अपमान नव्हे, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. पहिला महिना रोज एक नस्ती त्यांच्यासोबत पहिल्या पानापासून वाचा. मी हे करते. अर्धा तास जातो.

बैठका मात्र पहिल्या आठवड्यात घेऊ नका. सगळे समोर आले म्हणून सगळ्यांना एका खोलीत बोलावण्याचा उत्साह येतो, आणि ज्या कामासाठी माणसं परत आणली तेच मागे पडतं.

महिनाअखेरीस गोषवारा काढा आणि घरून कामाच्या शेवटच्या महिन्याच्या गोषवाऱ्याशेजारी ठेवा. कोणतं काम कार्यालयात वेगानं झालं आणि कोणतं घरीच बरं होत होतं, हे आकड्यांत दिसेल. आमच्याकडे अभ्यागतांच्या कामाची शिल्लक निम्म्यावर आली, आणि न्यायालयीन उत्तरांची वाढली. दोन्ही आकडे साहेबांपुढे टिपणीवर मांडा, आणि बुधवारचा अर्ज पुन्हा करायचा असेल तर त्याला तीच टिपणी जोडा.